शंकाविष

मृगाच्या सरी कोसळू लागल्या, की पेडणे आणि डिचोली या तालुक्यांतील शेतमळे आणि कुळागरे माणसांनी गजबजतात. त्याच दिवसांत बिळांत पाणी शिरून सर्पही बाहेर पडतात. माणूस आणि सर्प यांची गाठ पडावी, असा हा काळ. बांधावर, गवताच्या भाऱ्यात, लाकडांच्या राशीत हात घातला आणि काहीतरी चावले, हा अनुभव या भागातील क्वचितच एखाद्या वाड्याला नवा असेल. या दंशांवर आम्ही पूर्वीही लिहिले आहे आणि पुढेही लिहावे लागेल. आज मात्र आम्हांस दंशाविषयी लिहावयाचे नसून, दंशाबरोबर अंगात भिनणाऱ्या एका दुसऱ्या विषाविषयी लिहावयाचे आहे. हे विष सापाच्या दातांतून येत नाही. ते माणसाच्या जिभेवरून येते आणि कानांवाटे शरीरात शिरते.

तिन्हीसांजेच्या अंधारात पायाला काही चावते. काय चावले ते दिसत नाही. हां हां म्हणता माणसाला दरदरून घाम फुटतो, घशाला कोरड पडते, मळमळू लागते, बोटांना मुंग्या येतात, छाती आवळल्यासारखी होते आणि तो कोसळतो. भोवती जमलेल्यांपैकी एक म्हणतो, ‘मण्यारच असणार.’ दुसरा म्हणतो, ‘गेल्या साली अमका असाच गेला.’ पुढे इस्पितळात कळते, की चावली ती दिवड होती. तिच्या दातांत विष नाहीच. मग मंडळी हसतात आणि त्या बिचाऱ्याला भित्रा ठरवून मोकळी होतात. आमच्या मते हे हसणे अज्ञानाचे आहे. त्याचा घाम खोटा नव्हता, वांती खोटी नव्हती, मूर्च्छाही खोटी नव्हती. शरीरात विषाचा थेंब नसताना ही लक्षणे आली कोठून, हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही.

या प्रश्नाचे उत्तर आपल्या पूर्वजांना ठाऊक होते. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानातील विषचिकित्सेच्या अध्यायात नेमके हेच वर्णन आहे. गडद अंधारात काहीतरी टोचले असता, विषबाधा झाली या नुसत्या शंकेनेच माणसाला ज्वर, वांती, मूर्च्छा, दाह, ग्लानी, अतिसार होऊ शकतात, असे तेथे सांगितले आहे. आणि या अवस्थेला नाव दिले आहे ‘शंकाविष’. सुश्रुतानेही कल्पस्थानात, सापाचा केवळ स्पर्श झालेल्या भित्र्या माणसाच्या अंगावर भयाने सूज येते, असे नोंदविले आहे. विशेष हे, की चरकाने या रोग्याला ढोंगी म्हटलेले नाही. त्याने रोगाला नाव दिले आणि उपचारही सांगितला. साखर, द्राक्षे, ज्येष्ठमध, मध द्यावा. मंत्रपूत पाणी पाजावे, शिंपडावे. आणि मुख्य म्हणजे रोग्याला धीर द्यावा, त्याचे मन प्रसन्न करावे. शंकेचे विष आश्वासनाने उतरवावे, हा त्या चिकित्सेचा गाभा.

आज भारत सरकारची सर्पदंशावरील उपचार-नियमावलीदेखील पहिले पाऊल हेच सांगते, की रुग्णाला धीर द्या. त्यामागे नुसती दया नाही, हिशेब आहे. दंश करणाऱ्या सापांपैकी सुमारे ७० टक्के बिनविषारी असतात आणि विषारी सापाच्या दंशांतही सुमारे निम्म्या वेळा विष अंगात उतरत नाही, असे ही नियमावली सांगते. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चार सर्पांची दहशत सार्थ आहे. पण प्रत्येक दंश त्यांचा नसतो. भयाने माणूस धापा टाकू लागला, की रक्तातील कर्बवायू कमी होतो आणि त्यानेच बोटांना मुंग्या येतात, डोके गरगरते. रोग्याला वाटते विष चढले, नातेवाइकांना तसेच वाटते आणि क्वचित अननुभवी डॉक्टरालाही. मग गरज नसता सर्पविषप्रतिबंधक लस टोचली जाते. घोड्याच्या रक्तद्रवापासून होणारी ही लस खऱ्या विषबाधेत प्राणदात्री आहे. परंतु काही रुग्णांत तीच तीव्र प्रतिक्रिया घडविते. सापाने जे केले नाही ते भयाने करविले, असा हा प्रकार.

येथेच मांत्रिकाच्या कीर्तीचेही रहस्य उलगडते. शंभरांतील बहुसंख्य दंशांत विषबाधा होतच नसेल, तर झाडपाला चोळणाऱ्याच्या आणि मंत्र पुटपुटणाऱ्याच्या हातून बहुसंख्य रोगी बरे होणारच. शंकाविषावर त्याचा मंत्र खरोखरच लागू पडतो. चरकानेही तो नाकारलेला नाही. घात होतो तो उरलेल्यांचा. मण्यारीचा दंश पुष्कळदा दुखतही नाही, खूणही दिसत नाही. रोगी निर्धास्त झोपतो आणि पहाटेपर्यंत त्याचा श्वास बंद पडू लागतो. कोणाच्या अंगात विष आहे आणि कोणाच्या मनात, हे मंत्राने कळत नाही. ते कळण्यासाठी इस्पितळातील देखरेख हवी. काचेच्या स्वच्छ, कोरड्या नळीत थोडे रक्त घेऊन २० मिनिटे स्थिर ठेवावयाचे आणि ते गोठते की नाही ते पाहावयाचे, इतक्या साध्या चाचणीने घोणस वा फुरशाच्या विषाचा सुगावा लागतो. मण्यार-नागाच्या विषासाठी पापण्या आणि श्वास यांवर तासन्‌तास नजर ठेवावी लागते. तेव्हा धीर द्यावयाचा तो इस्पितळाच्या वाटेवर. त्या वाटेऐवजी नव्हे.

सर्पदंशाचे उदाहरण आम्ही एवढ्या विस्ताराने घेतले, कारण त्यात ही गोष्ट उघड्या डोळ्यांनी दिसते. पण शंकाविष काही बांधावरच चावत नाही. ते गोळ्यांच्या पाकिटात असते, इंजेक्शनच्या सुईत असते, शेजाऱ्याच्या सांत्वनातही असते. आधुनिक वैद्यकाने त्याला ‘नोसिबो’ असे नाव दिले आहे. औषध नसलेली गोळी विश्वासाने घेतल्यावर बरे वाटते, त्या परिणामास ‘प्लासिबो’ म्हणतात; लॅटिनमध्ये त्याचा अर्थ ‘मी संतोष देईन’. त्याच्या उलट ‘मी अपाय करीन’ या अर्थाचा ‘नोसिबो’ हा शब्द वॉल्टर केनेडी यांनी १९६१ साली योजला. अपाय होणार, अशी अपेक्षा धरली की अपाय होतो, असा त्याचा आशय.

ही केवळ तर्कटे नव्हेत. २०११ साली ऑक्सफर्डच्या संशोधकांनी २२ निरोगी स्वयंसेवकांवर एक प्रयोग प्रसिद्ध केला. पायाला उष्णतेचा चटका द्यावयाचा आणि वेदना शंभरांच्या मापावर सांगावयास लावावयाची. औषधाविना ती ६६ भरली. प्रबळ वेदनाशामक शिरेतून सुरू केले, पण तसे सांगितले नाही. ती ५५ वर आली. ‘आता औषध सुरू झाले’ असे सांगताच ती ३९ पर्यंत उतरली. मग ‘औषध बंद केले, आता दुखणे वाढेल’ असे सांगितले. प्रत्यक्षात औषध तितकेच चालू होते. वेदना ६४ वर गेली! म्हणजे शिरेत वाहणाऱ्या प्रबळ औषधाचा जवळजवळ सारा गुण एका वाक्याने पुसून टाकला. मेंदूची छायाचित्रेही त्या माणसांच्या बोलण्यास दुजोरा देत होती. ज्या वाक्यात एवढे सामर्थ्य आहे, ते वाक्य उच्चारणाऱ्याने किती जपून बोलावे!

पेडणे-डिचोलीच्या घराघरांत आज सापापेक्षा अधिक वावर आहे तो रक्तदाबाचा, मधुमेहाचा आणि हृदयविकाराचा. या रोगांवरची औषधे आयुष्यभर घ्यावी लागतात आणि ती मध्येच सोडून देणारे घरोघर आढळतात. कारण विचारले तर उत्तर ठरलेले : ‘ती गोळी सोसत नाही.’ कोलेस्टेरॉल उतरविणाऱ्या स्टॅटिन गोळ्यांची तर त्यासाठी जगभर अपकीर्ती झाली. लंडनच्या इंपीरियल कॉलेजने २०२० साली याची परीक्षा घेतली. त्रास होतो म्हणून या गोळ्या सोडून दिलेले ६० रुग्ण निवडले. त्यांना वर्षभर आळीपाळीने कधी खरी गोळी, कधी तशीच दिसणारी निरौषध गोळी, तर कधी एकही गोळी नाही, असे देऊन रोजच्या त्रासाचे गुण मांडावयास लावले. गोळी नसताना त्रास ८, निरौषध गोळीने १५.४, खऱ्या गोळीने १६.३. म्हणजे गोळीमुळे वाढलेल्या त्रासांपैकी ९० टक्के भाग निरौषध गोळीनेही उत्पन्न केला होता. त्रास खरा होता. त्याचे कारण औषधात नव्हते, गोळी घेण्यात होते. पण या प्रयोगाचा आम्हांस अधिक मोलाचा वाटलेला भाग पुढचा आहे. ज्याचे त्याचे आकडे ज्याच्या त्याच्यासमोर ठेवल्यावर ६० पैकी ३० जणांनी औषध पुन्हा सुरू केले. कोणी त्यांना दटावले नव्हते की वेड्यात काढले नव्हते. त्यांना त्यांचेच सत्य दाखविले, एवढेच.

कोविडच्या लसीच्या काळात हेच साऱ्या जगाने अनुभवले. ४५ हजारांहून अधिक माणसांचा समावेश असलेल्या १२ चाचण्यांचा एकत्रित अभ्यास २०२२ च्या जानेवारीत प्रसिद्ध झाला. त्यात लसीऐवजी निरौषध द्राव टोचलेल्यांपैकी ३५ टक्क्यांनी पहिल्या मात्रेनंतर डोकेदुखी, थकवा अशा तक्रारी सांगितल्या. लस घेतलेल्यांच्या अशा तक्रारींपैकी पहिल्या मात्रेनंतरच्या ७६ टक्के आणि दुसऱ्या मात्रेनंतरच्या ५२ टक्के या नोसिबोच्या खात्यात जातात, असा निष्कर्ष निघाला. उरलेल्या तक्रारी लसीच्याच होत्या, हेही तितकेच खरे. दोन्ही आकडे एकत्र सांगितले तरच सत्य पूर्ण होते.

आता आपल्या घरच्या भयांकडे वळू. ‘इन्सुलिन लागले म्हणजे शेवट जवळ आला,’ असे मानणारे आपल्यात थोडे नाहीत. या समजापायी रोगी इन्सुलिन टाळतो. टाळता टाळता मूत्रपिंडे आणि डोळे बिघडतात. मग नाइलाजाने सुई धरली जाते आणि थोड्याच काळात तो दगावतो. शेजारी म्हणतात, ‘पाहिलेत, इन्सुलिनने नेला!’ तीच गत बांबोळीची. १८४२ मध्ये स्थापन झालेल्या वैद्यकीय विद्यालयाचा वारसा सांगणारे ‘गोमेकॉ’ हे साऱ्या गोव्याचे, आणि सिंधुदुर्गाच्याही रोग्यांचे, शेवटचे आश्रयस्थान. सर्वांत अवघड रोगी तेथेच येणार, म्हणून मृत्यूही तेथेच अधिक दिसणार. पण ‘म्हापशाहून बांबोळीला पाठविले’ हे शब्द कानी पडताच घरात रडारड सुरू होते आणि खाटेवरचा रोगी ती ऐकतो. काही कुटुंबे या भयानेच नेण्यास उशीर करतात आणि उशिरा नेलेला रोगी वाचत नाही. भयाची ही खास लकब आहे : ते आपला पुरावा आपणच निर्माण करते आणि मग ‘मी सांगत नव्हतो?’ असे विचारते.

करणी आणि मूठ यांचे भयही याच जातीचे. १९४२ साली हार्वर्डचे शरीरशास्त्रज्ञ वॉल्टर कॅनन यांनी एका निबंधात, शापाच्या नुसत्या भयाने माणसे मरतात अशा निरनिराळ्या देशांतील नोंदींचा विचार केला. अतितीव्र आणि अखंड भीतीने रक्ताभिसरण कोसळू शकते, असा त्यांचा तर्क होता. त्यातील प्रत्येक नोंद खरी मानण्याचे कारण नाही. परंतु आजारी माणसाला ‘तुझ्यावर कोणी करणी केली आहे’ असे सांगणारा, रोगावर दुसरा रोग लादतो आणि वर शेजाऱ्या-भावकीत वैर पेरतो, याविषयी शंका नको. आम्ही श्रद्धेच्या विरुद्ध लिहीत नाही. देवळात गाऱ्हाणे घालून, राखणदाराला नारळ ठेवून जो निर्धाराने औषधाला बसतो, त्याच्या श्रद्धेने त्याच्या औषधाला बळच येते. सांखळीच्या दत्तस्थानी मनाने खचलेली माणसे आशेने येतात; आशा ही काही उपहासाची वस्तू नव्हे. देवाच्या नावाने अभय देणे ही श्रद्धा; देवाच्या नावाने भय घालणे हा व्यापार. या दोहोंतील सीमारेषा आमच्या सुजाण वाचकांनीच आखावयाची आहे.

याचा अर्थ असा नव्हे की रोग म्हणजे मनाचे खेळ आहेत. ‘तुम्हांला काही झालेले नाही, उगाच घाबरता,’ हे वाक्यही एक प्रकारचे विषच आहे. क्षयावरील काही औषधांनी यकृताला इजा होऊ शकते आणि स्टॅटिनने क्वचित स्नायूंना. अशी लक्षणे दिसताच डॉक्टरांना सांगितलेच पाहिजे. रोग्यापासून सत्य दडवावे, असाही आमचा पक्ष नाही. स्वतःच्या शरीराचे सत्य जाणण्याचा प्रत्येकाला अधिकार आहे आणि दडविलेले सत्य अफवेच्या रूपाने दुप्पट भय घेऊन परत येते. प्रश्न सत्य सांगावे की नाही हा नाही. ते कसे सांगावे हा आहे. ‘शंभरांत पाचांना मळमळते’ आणि ‘शंभरांत पंचाण्णवांना काही होत नाही’ ही दोन्ही वाक्ये सारखीच खरी. दुसरे मात्र रोग्याला उभा ठेवते. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात, बधिरीकरणाची सुई टोचण्यापूर्वी १४० बाळंतिणींपैकी काहींना ‘मोठी मधमाशी चावल्यासारखे होईल’ असे सांगितले, तर इतरांना ‘ही जागा बधिर करतो, म्हणजे तुम्हांला आराम वाटेल’ असे. दहांच्या मापावर पहिल्यांची वेदना ५ भरली, दुसऱ्यांची ३. सुई तीच होती.

तेव्हा पहिले दायित्व डॉक्टरांवर येते. बाह्यरुग्ण विभागाच्या दाराशी रांग लागलेली असताना एका रोग्याला फार वेळ देता येत नाही, हे आम्ही जाणतो. परंतु बांबोळीची चिठ्ठी लिहून देताना ‘तेथे अमुक यंत्र आहे, तमुक तज्ज्ञ आहेत, म्हणून पाठवितो’ हे एक वाक्य रोग्याच्या भाषेत बोलण्यास अर्धे मिनिटही लागत नाही. दुसरे दायित्व शासनाचे. जे काम डॉक्टरांना वेळेअभावी जमत नाही, ते प्रशिक्षित समुपदेशकांकडून करवून घेता येते, हे खुद्द गोव्यातच सिद्ध झाले आहे. ‘संगाथ’ या संस्थेच्या पुढाकाराने १२ सरकारी आरोग्य केंद्रांत आणि १२ खाजगी दवाखान्यांत ‘मानस’ नावाचा प्रयोग झाला. नैराश्य आणि चिंता यांनी ग्रासलेल्या रुग्णांशी डॉक्टर नसलेल्या, पण शिकवून तयार केलेल्या कार्यकर्त्यांनी बोलावयाचे, समजावयाचे, गरज असल्यास पुढील उपचारांशी जोडून द्यावयाचे. २०१० साली ‘लॅन्सेट’मध्ये त्याचे निष्कर्ष आले. निदान पक्के झालेल्या रुग्णांपैकी सरकारी केंद्रांत सहा महिन्यांनी ६५.९ टक्के बरे झाले. नेहमीच्या उपचारांवर हे प्रमाण ४२.५ टक्के होते. खाजगी दवाखान्यांत असा फरक आढळला नाही, हेही सांगितले पाहिजे. जगाने वाखाणलेला हा धडा आपल्या भूमीतला आहे. तो पेडणे-डिचोलीच्या प्रत्येक सरकारी आरोग्य केंद्रात कायमचा रुजवावा आणि नैराश्यापुरता न ठेवता मधुमेह, रक्तदाब, क्षय यांच्या रुग्णांपर्यंत न्यावा, अशी आमची मागणी आहे. सर्पदंशावरील लस आणि ती देण्याचा आत्मविश्वास असलेला डॉक्टर तालुक्याच्या ठिकाणी रात्रीही असेल, तर ‘वाटेतच मरेल’ हे भय निम्मे उतरेल. रिकाम्या कपाटासमोर दिलेला धीर कोणाला पटणार?

वृत्तपत्रांचेही दायित्व आहे. न्यूझीलंडमध्ये थायरॉइडच्या एका गोळीचे २००७ साली नुसते रूप बदलले. औषधद्रव्य तेच राहिले. तीस वर्षांत जेमतेम १४ तक्रारी आलेल्या त्या गोळीविरुद्ध पुढील दीड वर्षात १,४०० हून अधिक तक्रारी आल्या आणि बातम्यांचा गाजावाजा झाला तसा त्यांना जोर चढला. औषधाच्या अपायाची बातमी दडवू नये. पण ‘किती जणांत एकाला’ हा आकडा मथळ्याइतक्याच ठळकपणे द्यावा. जो दंडक वृत्तपत्राला तोच भ्रमणध्वनीवरून हातोहात पुढे ढकलल्या जाणाऱ्या निरोपांना लावावा.

आणि शेवटी दायित्व उरते ते आपणा सर्वांवर; कारण रोग्याच्या उशाशी डॉक्टर पाच मिनिटे असतो, आपण दिवसभर. समाचाराला जावे, ही आपल्याकडील जुनी आणि सुंदर रीत. पण समाचाराला जाऊन, त्याच रोगाने कोण कोण गेले याची यादी वाचणे, ही कोणती रीत? फळे नेली नाहीत तरी चालेल; त्या रोगातून उठून कामाला लागलेल्या एखाद्याची हकिकत मात्र न्यावी. सर्पाचे विष उतरविण्यासाठी लस लागते, सुई लागते, शिकलेला डॉक्टर लागतो. शंकेचे विष उतरविण्याचे सामर्थ्य मात्र प्रत्येकाच्या जिभेवर आहे, आणि ते चढविण्याचेही. यंदाच्या पावसाळ्यात एवढे भान राखले, तरी कित्येक माणसे नाहक मरणाच्या दारातून परत फिरतील.